एकतीस दिवस बदलीवर

रामदास मास्तरांच्या निवृत्तीची सभा झाली तेव्हा एका वक्त्याने ते ज्या कॉलेजात शिकले त्याला 'ज्ञानमंदिर' म्हटलं. मी मागच्या खुर्चीवर होतो. त्या मंदिरात मी स्वतः एकतीस दिवस बसलो आहे, म्हणून हे लिहितो.

गिरगावातलं ते कॉलेज इतकं लहान होतं की पुढच्या दारातून शिरून दहा पावलं टाकली की माणूस मागच्या गल्लीत निघायचा. बरेच विद्यार्थी रोज तसेच निघत. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते आता नाही, आणि नाव घेतल्याने काही सुधारेल अशी वेळ तेव्हाही नव्हती. एका ट्रस्टची दुमजली इमारत. खाली वाचनालय, वर चार खोल्या. शिकवायचे फक्त आर्ट्स. वर्ग सकाळी साडेसात ते साडेदहा, कारण दुपारी त्याच खोल्यांत बायकांचे शिवणवर्ग भरत. जिन्यात संस्थापकांचं मोठं तैलचित्र होतं. सगळ्या कॉलेजात रोज न चुकता हजर असणारे ते एकटेच.

१९५७ च्या जूनमध्ये रामदासने तिथे नाव घातलं. तो बावीस वर्षांचा, मी चोवीसचा. आम्ही भोईवाड्यात एकाच चाळीत राहायचो आणि परळच्या एकाच गिरणीत सूतकताईच्या रिंग खात्यात शेजारशेजारच्या मशिनींवर होतो. त्याने रात्रशाळेत मॅट्रिक केलं होतं. फोर्टातल्या सकाळच्या कॉलेजात जागा भरल्या होत्या, म्हणून गिरगाव. चाळीत बहुतेकांचं मत पडलं की पोरगा दिवाळीपर्यंत टिकेल. त्याची आई मीराबाई म्हणायची, "तुम्ही दिवाळी बघा. तो बी. ए. होईल." बी. ए. म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण मत ठाम होतं.

रामदासची एक खोड सांगतो. पाळी सुटायच्या आधी आपल्या मशिनीवरचा कापूस झाडून, तुटलेले धागे जोडून, मशीन चालू स्थितीत पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची असा नियम होता. नियम सगळ्यांना पाठ होता. पाळायचा रामदास. पुढचा माणूस आला नाही तर तो उभाच राहायचा. आम्ही त्याला हसायचो. त्याच्यानंतर त्याच्या मशिनीवर येणारा मात्र कधी हसला नाही.

सेकंड शिफ्ट कोणालाच नको असते. साडेतीनला आत, मध्यरात्री बाहेर. घरच्यांची तोंडं दिसत नाहीत. रामदासने ती मागून घेतली, म्हणजे सकाळी कॉलेज करता येईल. खात्यात बोलवा उठली की याचं घरात भांडण झालंय. कॉलेजसाठी कोणी सेकंड शिफ्ट मागतो हे कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

कॉलेजातली मुलं गिरगावच्या जुन्या घरांतली. त्यांचे आजोबा हायकोर्टात नाहीतर सरकारी कचेऱ्यांत होते. मनमोहन म्हणून एक होता, त्याच्या आजोबांच्या नावाची गल्ली होती. पोरगा घरातून बाहेर पडला की आजोबांच्या अंगावरूनच चालायचा. मनमोहन कॉलेजच्या संयुक्त महाराष्ट्र विद्यार्थी समितीचा चिटणीस. आवाज चांगला. हा आवाज त्याला दोन ठिकाणी उपयोगी पडायचा: सभेत आणि हजेरीच्या वेळी. प्राध्यापक खाली मान घालून नंबर वाचत आणि मनमोहन चार वेगवेगळ्या गळ्यांतून "येस सर" म्हणे. एक गळा सर्दी झालेल्याचासुद्धा होता.

पहिल्या पाच महिन्यांत रामदासचा एकही खाडा पडला नाही. मग नोव्हेंबरात आमच्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, त्याला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तू फर्स्ट शिफ्टला. तिथला माणूस गावी गेलाय. नाताळपर्यंत."

"मला कॉलेज आहे."

"मला खातं आहे," जॉबर म्हणाला.

फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन. म्हणजे कॉलेज गेलं. आणि नियम असा की दर टर्मला चार दिवसांत तीन दिवस हजेरी नसेल तर ती टर्म देत नाहीत. टर्म नाही तर मार्चमध्ये परीक्षेला बसता येत नाही, आणि या कॉलेजात टर्म गेलेल्याचं नाव पुन्हा घेत नसत.

त्याचा बाप भिवामामा आमच्याच खात्यात होता. त्याच्या वेळेला पद्धत अशी की गावी जायचं असलं तर माणूस आपल्या जागी आपला माणूस उभा करून जायचा. तो बदली. जॉबरला नाव सांगायचं, तिकीट नंबर सांगायचा, झालं. मशीन थांबता कामा नये, एवढीच अट. भिवामामा अभिमानाने सांगायचा, "बावीस वर्षं झाली, माझी मशीन एक दिवस रिकामी राहिली नाही." तो स्वतः त्यातली दोन वर्षं गावी होता. पण त्याचं म्हणणं खरंच होतं.

तर रामदास माझ्याकडे आला. मी सेकंड शिफ्टलाच होतो.

"आनंदा, तू माझी बदली करशील?"

"कुठे?"

"कॉलेजात."

"कॉलेजात बदली चालतो?"

"का नाही चालणार? नंबर पुकारतात. माणूस लागतो. गिरणीत वेगळं काय असतं?"

मी सातवीपर्यंत शिकलेला. मी म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही." तो म्हणाला, "त्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही. फळ्यावर असेल ते जसंच्या तसं उतरव. मराठीत बोलतील ते लिही. साडेतीनला गेटवर वही मला दे."

त्यात लपवाछपवी आहे असं ना त्याच्या मनात आलं, ना माझ्या. लपवायचं असतं तर मनमोहनला सांगितलं असतं. त्याच्याकडे गळे शिल्लक होते.

अठरा नोव्हेंबरला मी रोल नंबर सदतीस झालो. मध्यरात्री सुटायचो, साडेपाचला उठायचो, ट्रामने गिरगाव. दुसऱ्या बाकावर बसायचो, कारण रामदास तिथे बसायचा. बदली माणूस मूळ माणसाच्याच जागी उभा राहतो. पहिल्या दिवशी "सदतीस" म्हटल्यावर मी उभा राहून "हजर" म्हणालो. वर्ग हसला. प्राध्यापकांनी मान वर केली नाही. एकतीस दिवसांत चार प्राध्यापकांपैकी एकानेही केली नाही. आमच्या खात्यात चारशे माणसं होती आणि जॉबर चालण्यावरून कोण आलं ते ओळखायचा. पण जॉबर शिकलेला नव्हता.

पटावर चौसष्ट नावं होती. बाकांवर वीस-बावीस पोरं. हजेऱ्या पन्नासच्या खाली कधी आल्या नाहीत.

अर्थशास्त्राला श्यामकांत कोठारे म्हणून होते. माणूस बरा. इंग्रजीत सुरू करायचे, वर्गाचे चेहरे बघून मराठीत यायचे. एके दिवशी त्यांनी विषय घेतला: मुंबईच्या गिरणी कामगाराची गैरहजेरी. आकडे सांगितले. म्हणाले, "आपल्या कामगाराला शिस्त नाही. मनात आलं की तो घरी बसतो. त्यामुळे उत्पादन खाली येतं." समोर चौसष्टांतले एकोणीस बसलेले होते. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मी हात वर केला. नको होता करायला. बदलीने आपलं काम बघावं, दुसऱ्याची मशीन बंद करू नये.

"बोला."

"सर, तो घरी बसतो तेव्हा मशीन बंद नसते. त्याच्या जागी बदली असतो. सकाळी गेटवर शंभर-शंभर जण उभे असतात."

कोठारे थांबले. खिडकीकडे बघत म्हणाले, "हं. हे पुस्तकात नाही. चांगला मुद्दा आहे. सदतीस नंबर ना?" आणि त्यांनी रजिस्टरात काहीतरी टिपून घेतलं. रजिस्टरात बघितलं. माझ्याकडे नाही.

एकवीस नोव्हेंबरला हुतात्म्यांसाठी सभा होती. मनमोहन बोलला. 'गिरणगावच्या रक्ताने भिजलेली भूमी' असं तीनदा म्हणाला. आमच्या चाळीतल्या गंगुबाईचा नवरा छप्पनच्या जानेवारीत परळला गोळी लागून गेला होता. तो मीठ आणायला गेला होता. मी त्याला उचलणाऱ्यांत होतो, त्यामुळे भाषणातलं रक्त मला जरा पातळ वाटलं. दोन मिनिटं स्तब्धता झाली. मग बटाटेवडे झाले. वडे खाता खाता मनमोहन माझ्यापाशी आला.

"तू रामदासच्या जागी येतोस ना रे? मी केव्हाच ओळखलं. भारी आयडिया आहे. पण एवढा त्रास कशाला? मला सांगायचं."

"तुम्ही येस सर म्हणाल. वहीत कोण लिहील?"

"वही?" तो खरोखर गोंधळला. मग म्हणाला, "बरं ते जाऊ दे. तीस तारखेला प्रतापगडला पंतप्रधानांना काळी निशाणं दाखवायला जायचंय. तुमच्या चाळीतून किती माणसं देशील? पन्नास धरू?"

जॉबरसुद्धा इतक्या हक्काने माणसं मागत नसे.

चाळीतली चौदा माणसं प्रतापगडला गेली, पगार कापून घेऊन. कॉलेजातले काही गेले. बाकीचे ऑपेरा हाउसच्या बाजूला सिनेमाला गेले, पण त्याच मोर्च्याच्या नावावर. तीस नोव्हेंबरला वर्गात अकरा माणसं होती आणि एक्कावन्न हजेऱ्या. मनमोहन प्रतापगडला असूनही हजर होता. म्हणजे तो गळा दुसऱ्या कोणाकडे देऊन गेला असणार.

सहा डिसेंबरला मी गेलो नाही. बाबासाहेबांना जाऊन वर्ष झालं होतं. आम्ही दोघंही दादरला चैत्यभूमीवर होतो. तो एक दिवस खाडा. बाकी चोवीस डिसेंबरपर्यंत एकतीस दिवस भरले. रोज साडेतीनला गिरणीच्या गेटवर तो बाहेर यायचा, मी आत जायचो. फर्स्ट शिफ्टला त्याला माझीच मशीन मिळाली होती. तो सांगायचा, "मशीन साफ आहे, डावीकडचा पट्टा जरा सैल." मी सांगायचो, "इतिहास सात पानं, अर्थशास्त्रात फळ्यावरची आकृती नीट आलेली नाही." एकदा माझी एक ओळ सुटली, तर दुसऱ्या दिवशी त्याने मला सुनावलं. "डोळे मिटले असशील तर तसं लिही. म्हणजे मला कळेल की तिथे भोक आहे." मला राग आला. पण म्हणणं बरोबर होतं.

जानेवारीत तो परत सेकंड शिफ्टला आला आणि कॉलेजात जाऊ लागला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. फेब्रुवारीत टर्म भरल्याचा फॉर्म आला.

फॉर्मात एक रकाना होता: गैरहजेरीचे दिवस व कारण. चौसष्टपैकी त्रेसष्ट जणांनी तिथे आडवी रेघ मारली. रामदासने घरी बसून, पट्टी धरून, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'गैरहजर एक दिवस, ६ डिसेंबर. ता. १८ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर बाकी ३१ दिवस फर्स्ट शिफ्टमुळे बदली दिली. बदलीचे नाव आनंदा गोविंद, तिकीट नंबर ४१२, रिंग खाते.' मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, तिकीट नंबर बरोबर आहे.

दोन दिवसांनी आम्हा दोघांनाही बोलावणं आलं.

प्राचार्य कमलाकांत विजयकर टेबलामागे, कोठारे खिडकीपाशी, हेडक्लार्क शरच्चंद्र दारात. प्राचार्यांनी फॉर्म दोन बोटांत धरला होता.

"मिस्टर रामदास, हे काय लिहिलंय?"

"हजेरी, सर."

"बदली म्हणजे काय?"

"हा, सर." त्याने माझ्याकडे हात केला. मी नमस्कार केला.

"याला तोतयेगिरी म्हणतात!"

"तोतया लपून येतो, सर. मी नाव दिलंय, नंबर दिलाय. तुम्ही गिरणीत विचारू शकता."

कोठारे मला निरखून बघत होते. एकतीस दिवसांत पहिल्यांदाच. "तो मुद्दा... मशीन बंद नसते तो... तुमचा होता?"

"हो, सर."

"मी त्याचे दोन गुण रामदासना दिले."

"काढून टाका, सर," रामदास लगेच म्हणाला. "ते याचे आहेत. मला आलेलं नव्हतं ते."

कोठाऱ्यांनी वही मागितली. मी नेली होती. ते पानं उलटत राहिले. "मी शिकवलं ते सगळं आहे यात," ते म्हणाले. "मी केलेला विनोदसुद्धा."

"तो विनोद होता?" मी विचारलं.

"कोठारे," प्राचार्य म्हणाले, "एकतीस दिवस हा गृहस्थ समोर बसत होता. तुम्ही चौघांनी रोज हजेरी घेतलीत. हे बाहेर गेलं तर युनिव्हर्सिटी आधी कोणाला विचारेल?"

कोठाऱ्यांनी वही मिटली.

"हे एकतीस दिवस रजिस्टरात चुकून लागले," प्राचार्यांनी शेवटी ठरवलं. "ते काढले तर तुमची टर्म भरत नाही. काय करायचं ते ऑफिसात विचारा. तीन दिवस आहेत."

ऑफिस म्हणजे जिना. शरच्चंद्रांनी आम्हाला संस्थापकांच्या तैलचित्राखाली घेतलं आणि हळूच म्हणाले, "अरे वेड्या, आजारी होतो म्हण. डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. आजारपणाचे दिवस प्राचार्य माफ करू शकतात."

"कसला आजार?"

"टायफॉइड बरा पडतो. एकवीस दिवस ताप, दहा दिवस अशक्तपणा. बरोब्बर एकतीस. गेल्या वर्षी सात जणांना झाला होता. एक तर क्रिकेटच्या टीममध्ये होता."

"पण मी रोज गिरणीत कामाला होतो. तिथे हजेरी आहे."

"गिरणीचं रजिस्टर इथे कोण बघतो?"

म्हणजे हिशेब असा झाला की गिरणीच्या कागदावर रामदास एकतीस दिवस मशिनीवर उभा, कॉलेजच्या कागदावर बाकावर बसलेला आणि डॉक्टरच्या कागदावर अंथरुणात आडवा. तिन्हीकडे सही-शिक्का. आणि यातला जो एक माणूस खरोखर बाकावर बसला होता, तो चुकून लागलेला.

रामदास आधी मनमोहनकडे गेला. समितीने प्राचार्यांशी बोलावं, एवढंच म्हणणं. मनमोहनने खांद्यावर हात ठेवला. "रामदास, कामगार आणि विद्यार्थी एक आहेत, हे मी कायम बोलतो. पण ही पर्सनल बाब आहे रे. आणि हजेरीचा विषय निघाला तर सगळेच अडकतील. तू टायफॉइड घे ना. आम्ही सगळे घेतो."

रामदासने त्याला किंवा इतर कोणाला प्राचार्यांपुढे ओढलं नाही. ते त्याने आधीच करायला हवं होतं असं मला वाटलं, आणि मी तसं बोललोही. तो म्हणाला, "मी माझ्या मशिनीचं सांगेन. दुसऱ्याच्या मशिनीचं जॉबरला का सांगू?"

खरी अडचण वेगळीच होती. आम्ही छप्पन साली धम्म घेतला होता. त्यानंतर चाळीच्या पटांगणात, वेळ मिळेल तेव्हा, आम्ही पंचशील म्हणायचो. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. बरेच जण म्हणताना शेजारच्याशी बोलायचे. रामदास नियम वाचतो तसं म्हणायचा.

"खोटं बोलणार नाही असं दीड वर्ष सांगतोय," तो मला म्हणाला. "आता सही करून खोटं लिहू?"

"एका कागदाचा प्रश्न आहे."

"आणि तुझे एकतीस दिवस?"

"मला कुठे पदवी घ्यायची आहे? माझे दिवस बुडव. टर्म घे."

हे बोलताना मला वाईट वाटलं नाही असं नाही. साडेपाचला उठलो होतो मी. पण कामाचं असं असतं, केलेलं काम जाग्यावर राहतं, कोणी चुकून लागलं म्हटलं तरी.

मीराबाईचा विरोध आणखी निराळा. तिला टायफॉइड शब्द कळला आणि तिने खोली डोक्यावर घेतली.

"माझ्या धडधाकट पोराला टायफॉइड? कोण म्हणतो तो? जीभ झडो त्याची!"

"मावशी, खरा नाही. कागदावर."

"कागदावर आला की घरात येतो."

"आपण आता असलं काही मानत नाही ना?"

"देवाला मानत नाही रे. आजाराला मानते. तो काय बौद्ध झालाय?"

दुसऱ्या दिवशी मी रामदासला जवळजवळ ओढतच भोईवाडा कोर्टाजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुमतीबाई दादरहून यायच्या. करड्या होत्या. मी मोकळेपणाने सांगितलं, याला एकतीस दिवसांचा टायफॉइड हवा आहे, कॉलेजसाठी.

"मी टायफॉइड विकत नाही," त्या म्हणाल्या. मग रामदासकडे बघितलं. "तू इकडे ये. शर्ट काढ."

"मी आजारी नाही, डॉक्टर. म्हणूनच तर..."

"शर्ट काढ म्हटलं."

त्यांनी नळी लावली. पुढून लावली, मागून लावली. मागून पुन्हा लावली. वजन केलं. ब्याण्णव पौंड.

"खोकला कधीपासून आहे?"

"खात्यात सगळ्यांनाच असतो. कापसाचा."

"मी खात्याला विचारलं नाही. संध्याकाळी अंग तापतं?"

"तापतं. कामाने."

"थुंकीत रक्त?"

रामदासने शर्टाची बटणं लावायला घेतली. मग म्हणाला, "दोनदा. दिवाळीनंतर."

मला हे माहीत नव्हतं. मी रोज गेटवर वहीतल्या चुका ऐकून घेत होतो.

सुमतीबाईंनी कागद ओढला. लिहिलं ते वाचून दाखवलं: छातीचा विकार, किमान तीन महिन्यांपासून, वजन घटलेले, काम पूर्ण बंद करून उपचार आवश्यक. "केईएममध्ये जाऊन छातीचा फोटो काढ. उद्याच. मला वाटतं ते निघालं तर शिवडीला, क्षयाच्या हॉस्पिटलात जावं लागेल."

"डॉक्टर, यात नोव्हेंबर-डिसेंबर येतात?"

"येतात."

"आणि यात खोटं काही नाही?"

"मी खोटं लिहीत नाही, सांगितलं ना."

रामदासचा चेहरा उजळला. रस्त्यावर आल्यावर त्याने कागद दोनदा वाचला. "आनंदा, टर्म मिळाली! एक अक्षर खोटं नाही बघ." मी त्याच्या शेजारून चालत होतो. चाळीचा जिना तीन मजली. तो दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि कठडा धरून कागदाकडेच बघत हसत राहिला. मला वाटलं आनंदाने थांबलाय. नंतर कळलं, दम घेत होता.

मीराबाईला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, वाच. मी वाचलं. टायफॉइड कुठे आहे, तिने विचारलं. म्हटलं, टायफॉइड नाही, हे खरं आहे. तिने कागद माझ्या हातातून घेतला. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "हा कागद नको. जा, परत जा. टायफॉइडचा घेऊन ये."

"आये, तो खोटा असतो."

"तोच आण! पाया पडते मी तुझ्या. तोच आण."

तिसऱ्या दिवशी आम्ही कागद कॉलेजात दिला. शरच्चंद्रांनी वाचला आणि खूश झाले. "टायफॉइडपेक्षा हे छान. डॉक्टर हुशार दिसतो. अगदी खऱ्यासारखं लिहिलंय."

"खरंच आहे," रामदास म्हणाला.

शरच्चंद्र मोठ्याने हसले. त्यांनी शिक्का मारला, टर्म मिळाली. प्राचार्यांनी आत बोलावून प्रामाणिकपणाचं महत्त्व सांगितलं. ते पंधरा मिनिटं चाललं.

फोटोत जे निघायचं ते निघालं. शिवडीच्या हॉस्पिटलात खाट मिळायला पाच आठवडे होते. डॉक्टर म्हणाल्या, अंथरुणातून उठायचं नाही. मार्चमध्ये रामदासने उठून सगळे पेपर दिले. मी रोज बरोबर गेलो आणि इमारतीबाहेर बसून राहिलो. तिथे बदली चालला नसता, नाहीतर मी तेही केलं असतं. मग तो शिवडीला गेला. सात महिने.

निकाल जूनमध्ये लागला. मी तो बघून सरळ शिवडीला गेलो. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. मीराबाई स्टुलावर.

"पास," मी म्हटलं. "दुसरा वर्ग. मनमोहन नापास. दोन विषय."

मीराबाईने तोंडाला पदर लावला. रामदासने मान हलवली. मग म्हणाला, "माझ्या मशिनीवर कोण आहे रे सध्या?"

"बदली आहे एक. चिपळूणकडचा."

"सुटताना झाडतो?"

"नाही झाडत."

"मग तू सांगत का नाहीस त्याला?" तो उठून बसायला लागला. मीराबाईने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. "उद्या सांग. पुढच्या माणसाने काय करायचं, आनंदा? तो कापूस कोणाच्या छातीत जाणार?"

मी म्हटलं, सांगतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो बदली म्हणाला, मी काय इथे कायमचा आहे?

मी स्वतः झाडलं.